भिंतीशी बोलण्याचा अर्ज

शेरेसाहेब हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या अर्ज खिडकीमागे त्यांनी एकतीस वर्षे काढली आणि त्या एकतीस वर्षांत शेरा मारल्याशिवाय एकही कागद पुढे सरकू दिला नाही, म्हणून पडलेले ते नाव. निवृत्तीनंतर खिडकी गेली, पण शेरे राहिले. बायकोने किराणा सामानाची यादी टेबलावर ठेवली की संध्याकाळपर्यंत साखरेसमोर लाल शाईत 'मागील शिल्लक तपासावी' असे उमटलेले असे. बायको त्याखाली 'तपासली, मुंग्या आहेत' असे लिहून यादी परत ठेवी. त्यामुळे घरातही आपल्या कामाची कोणीतरी दखल घेते, असे त्यांना वाटत असे.

अशा माणसाच्या घरात कलावंत निपजावा हा योगच म्हणायचा. मुलगी बँकेत होती. कायमची नोकरी, स्वतःचे टेबल, टेबलाला कुलूप. आठ महिन्यांपूर्वी तिने राजीनामा दिला आणि आपण यापुढे कला करणार असे जाहीर केले. ती चित्रे काढणार असती तर शेरेसाहेबांनी निदान चौकटीचे माप तरी विचारले असते. पण ही कला निराळी होती. ती काढायची नव्हती, टांगायचीही नव्हती, तिच्यात लोकांनी शिरायचे होते आणि एका भिंतीशी बोलायचे होते. तेव्हापासून बाप-लेकीचे बोलणे बंद होते. म्हणजे मजकूर जात-येत होता, पण आईमार्फत. तिघे एकाच टेबलाशी जेवायला बसत आणि 'तिला सांग, दिवा मालव', 'त्यांना सांग, बटण त्यांच्याच बाजूला आहे' असा पत्रव्यवहार चाले. आई दोन्हीकडचे निरोप पोचवत शांतपणे जेवायची, कारण ती रागावली असती तर तिचा राग पोचवायला चौथे माणूस घरात नव्हते.

एके दिवशी सकाळी तिने चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला.

"मुलीच्या प्रदर्शनाला सार्वजनिक सभागृह मिळालंय. पंधरा दिवस. पण काहीतरी अडलंय."

"अडणारच," शेरेसाहेब वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले.

"फॉर्म चुकलाय म्हणे."

वर्तमानपत्र खाली आले.

फॉर्म खरोखरच चुकला होता. 'चित्रांची संख्या' या रकान्यात सभागृहाच्या व्यवस्थापकांनी स्वतःच्या हाताने शून्य लिहिले होते. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम छापला होता, की जेथे चित्रांची संख्या शून्य असेल तेथे सभागृह रिकामे समजावे आणि सात दिवसांनी दुसऱ्या अर्जदारास द्यावे. मात्र त्या सात दिवसांत दोनशे प्रेक्षकांच्या सह्या झाल्यास विचार करता येईल. दुसरा अर्जदार तयारच होता. ज्येष्ठ टेबलटेनिस मंडळ गेले वर्षभर त्या सभागृहावर डोळा ठेवून होते.

"ती म्हणते, सात दिवसांत गाशा गुंडाळावा लागला तर मी मुकाट्याने बँकेत परत जाईन," आई म्हणाली. "बँकेचं पत्र आलंय. जागा अजून रिकामी आहे."

आता खरे सांगायचे तर शेरेसाहेबांना हेच हवे होते. आठ महिने ते रोज मनातल्या मनात मुलीला त्या कुलूपवाल्या टेबलामागे नेऊन बसवत होते. गप्प बसायचे, सात दिवस मोजायचे, संपले. पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या शून्याकडे जात होती. ज्या कामात चित्रेच नाहीत त्याला चित्रांचा रकाना लागूच होत नाही, आणि जे लागू होत नाही तिथे शून्य लिहिणे म्हणजे धडधडीत चूक. मुलगी हरायची असेल तर नीट हरू दे, चुकीच्या रकान्यामुळे नको, असे त्यांना वाटले. त्यांनी चष्म्याची दोरी गळ्यात अडकवली आणि चपला घातल्या.

सभागृहाचे व्यवस्थापक हे सभागृह कोणीतरी उचलून नेईल अशा धास्तीत राहणारे गृहस्थ होते. शेरेसाहेबांनी फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला.

"इथे 'लागू नाही' लिहायला हवं होतं."

"'लागू नाही' त्या चौकोनात मावत नाही. आकडाच हवा."

"मग एक लिहा. ती सगळी भिंत मिळून एक चित्र."

"भिंत सभागृहाची आहे. आमचीच भिंत तुमचं चित्र कसं होईल?"

"तिने स्वतंत्र भिंत उभी केलीय. कापडाची."

"कापडाची भिंत म्हणजे पडदा. पडदा असेल तर नाटकाचा अर्ज लागतो."

पाऊण तास हे असे चालले. दोघांनीही कित्येक दिवसांत इतके बरोबरीचे माणूस पाहिले नव्हते. व्यवस्थापकांनी मध्येच चहा मागवला. शेवटी असे ठरले, की शून्य तसेच राहील, दोनशे सह्यांचा मार्ग मोकळा आहे, मात्र सह्यांची वही एखाद्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात हवी. जबाबदार व्यक्ती कोण, असे व्यवस्थापकांनी विचारले आणि पेन पुढे केले. रिकामी जागा आणि पेन एकत्र दिसल्यावर शेरेसाहेबांचा हात कधीच त्यांच्या ताब्यात राहत नसे. सही करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आपण आपल्याच मुलीच्या हाताखाली सात दिवस कामाला लागलो आहोत.

मुलीची कला अशी होती. एक अंधारी खोली. खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या कापडाची भिंत आणि तिच्यामागे शेकडो बारीक दिवे. तुम्ही भिंतीशी बोललात की जिथे उभे असाल तिथे एक ठिपका उजळायचा. बोलत राहिलात की उजेड पसरत जायचा, थांबलात की हळूहळू विझायचा. तीन महिने तिने हे घरच्या बाथरूममध्ये तपासले होते. आतून तासन्‌तास तिचा एकटीचा आवाज येत असे. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तो सांडपाण्याच्या नळीतून ऐकून आईला जिन्यात गाठले होते आणि मुलीला जरा हवापालट करवा, असे हळुवारपणे सुचवले होते.

पहिल्या दोन दिवसांत लोक आले नाहीत असे नाही. आले, भिंतीकडे पाठ करून उभे राहिले, फोटो काढले आणि गेले. काहींनी 'हॅलो, हॅलो' म्हटले. एक गृहस्थ नुसतेच खोकले आणि ठिपका उजळल्यावर आपले काही चुकले की काय, अशा चेहऱ्याने बाहेर आले. एका बाईंनी भिंतीला किती वाजले ते विचारले. माणसाला अंधारात एकटे सोडून 'बोला' म्हटले की त्याच्या तोंडून काही निघत नाही, हे मुलीच्या लक्षात येत होते आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. दुसऱ्या दिवसअखेर वहीत एकोणीस सह्या होत्या. त्यातल्या चार निरनिराळ्या अक्षरांत आईच्याच होत्या. शेरेसाहेबांनी तीनवर लाल रेघ मारली.

संध्याकाळी जिन्यात डॉक्टर भेटले. ते सल्ला द्यायला सदैव तयार असत आणि तोही समोरच्याला उत्तर देता येत नसताना, हा धंद्याचा परिणाम असावा.

"लोकांना थेट आत सोडता, ही तुमची मुख्य चूक," डॉक्टर म्हणाले. "माझी खुर्ची रिकामी असली तरी मी पेशंटला दहा मिनिटं बाहेर बसवतो. आल्याआल्या विचारलं तर सगळेच दात दुखतात म्हणतो. दहा मिनिटं बसला की नेमका कुठला ते त्याचं त्यालाच कळतं."

शेरेसाहेब पायरीवरच थांबले. एकतीस वर्षे त्यांनी लोकांना बाहेर बसवले होते, पण त्याला इतका चांगला हेतू असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

घरी जाऊन त्यांनी माळ्यावरून खिडकी काढली. ही खरोखरची खिडकी होती. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात कार्यालयात काचेची काउंटरे आली, तेव्हा सहकाऱ्यांनी जुन्या खिडकीची लाकडी चौकट, खाली कागद सरकवायच्या अर्धगोल भोकासकट, उखडून त्यांना निरोप समारंभात भेट दिली होती. चौकटीबरोबर शिक्के, ओला स्पंज ठेवायची वाटी आणि 'कृपया रांगेत यावे' ही पाटी होती. मग त्यांनी कोरा कागद घेतला, पट्टी घेतली आणि अर्ज आखायला बसले.

पहिला रकाना, अर्जदाराचे नाव. दुसरा, भिंतीशी बोलण्याचा विषय. तिसरा, यापूर्वी भिंतीशी बोलला आहात काय, असल्यास कोणत्या? चौथा, अंदाजे लागणारा वेळ. पाचव्या रकान्यापाशी ते बराच वेळ अडले. त्यांच्या अनुभवाप्रमाणे खिडकीवर येणारा माणूस बहुधा चुकीच्या खिडकीवर आलेला असे, आणि त्याला आधी बरोबर खिडकी कोणती ते विचारावे लागे. भिंत ही तर उघडउघड चुकीची खिडकी. म्हणून त्यांनी लिहिले, 'सदर मजकूर मुळात कोणाशी बोलावयाचा राहून गेला आहे?' सहावा रकाना शेरा, कार्यालयीन उपयोगासाठी. तो नसता तर अर्जाला अर्ज म्हणण्यात अर्थच नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाच्या दारात टेबल, टेबलावर खिडकी आणि खिडकीमागे शेरेसाहेब पाहून मुलगी जागच्या जागी थबकली.

"आई, त्यांना सांग, हे लोकांच्या आणि कलेच्या मध्ये टेबल टाकणं आहे."

"तिला सांग, टेबल हलकं आहे. नको वाटलं की उचलता येतं."

"त्यांना सांग, मी लोकांना मोकळं व्हा म्हणतेय आणि हे त्यांना अर्ज भरायला लावतायत."

"तिला सांग, दोन दिवसांत किती मोकळे झाले ते वहीत आहे."

आईने काहीच पोचवले नाही, कारण दोघेही तिच्या दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर उभे होते. मुलगी आत गेली आणि पडदा ओढून घेतला. ही परवानगी समजावी, असा शेरेसाहेबांनी अर्थ लावला.

पहिला अर्जदार चुकून आला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता आणि लिफ्टकडे जायची वाट या खोलीतूनच होती.

"मला लिफ्टकडे जायचंय," तो म्हणाला.

"अर्ज भरा."

माणूस कष्टकरी होता, आयुष्यभर खिडक्यांसमोर उभा राहिलेला. त्याने काही न विचारता अर्ज भरला. विषय, लिफ्ट. वेळ, पाच मिनिटे. पाचवा रकाना रिकामा. शेरेसाहेबांनी कागद भोकातून परत सरकवला.

"रिकामा रकाना चालत नाही."

लिफ्टवाला बाकावर जाऊन बसला. हत्यारांची पिशवी त्याने पायांशी ठेवली, पेन्सिल कानामागे अडकवली, काढली, पुन्हा अडकवली. दहा मिनिटांनी तो आला तेव्हा विषय खोडलेला होता आणि पाचव्यात लिहिले होते, 'मोठ्या भावाशी'. शिक्का बसला. तो पडद्याआड गेला आणि अकरा मिनिटे आतून नुसती कुजबुज येत राहिली. पडद्याच्या फटीतून उजेड बाहेर यायला लागला, तेव्हा मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठून उभी राहिली. असा उजेड तिने बाथरूमबाहेर पहिल्यांदाच पाहिला होता.

लिफ्टवाला नाक पुसत बाहेर आला. त्याने वहीत सही केली.

"उद्या भावाला घेऊन आलो तर चालेल का?"

"स्वतंत्र अर्ज लागेल," शेरेसाहेब म्हणाले. लिफ्ट त्या दिवशी दुरुस्त झाली नाही.

मग गाडी सुरू झाली. लिफ्टवाल्याचा भाऊ आला, भावाची बायको आली. डॉक्टरांनी आपले पेशंट पाठवायला सुरुवात केली. त्यातले काही तोंडात कापूस घेऊन येत आणि भिंतीला त्यांचे बोलणे कळे, हे विशेष. एक जोडपे एकाच बाकावर बसून अर्ज भरत होते. दोघांनी एकमेकांचा पाचवा रकाना पाहिला आणि आत न जाता बागेत बोलायला निघून गेले. त्यांच्या सह्या शेरेसाहेबांनी पळत जाऊन फाटकाशी घेतल्या. एका मुख्याध्यापिकाबाईंनी अर्जातच शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या, तेव्हा मात्र शेरेसाहेबांनी लाल पेन त्यांच्या हातात दिले. पाचव्या दिवशी टोकन सुरू करावे लागले. खुद्द व्यवस्थापकही एका दुपारी इकडेतिकडे बघत अर्ज घेऊन गेले. त्यांनी 'अंदाजे वेळ' या रकान्यात 'सांगता येत नाही' असे लिहिले होते आणि तब्बल एकतीस मिनिटे घेतली. बाहेर आल्यावर जाताना ते बाकावरची धूळ आपल्या रुमालाने पुसून गेले.

सहाव्या दिवशी आखूड केसांच्या एक बाई वही घेऊन आल्या. त्या बसल्या नाहीत, उभ्यानेच टिपणे काढत राहिल्या, त्यावरून या तपासणीला आल्या आहेत, हे शेरेसाहेबांनी ताबडतोब ओळखले. ते ताठ बसले. त्यांनी बाईंचा अर्ज तीनदा परत केला. पहिल्यांदा तिसरा रकाना मोघम होता म्हणून, दुसऱ्यांदा वेळेपुढे 'थोडा' लिहिले होते आणि थोडा हे माप नव्हे म्हणून, तिसऱ्यांदा खाडाखोड होती म्हणून. दर वेळी बाईंचा चेहरा अधिकच खुलत गेला. नियमांची अशी गोडी असलेले माणूस आजकाल दिसत नाही, असे शेरेसाहेब संध्याकाळी बायकोला म्हणाले. वहीत एकशे एकाहत्तर सह्या होत्या. उरलेल्या एकोणतीस दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीपर्यंत होतील, असा त्यांचा हिशेब होता.

सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर वर्तमानपत्र फडकवत खाली आले आणि दारातच मोठ्याने वाचू लागले. त्या बाई तपासणीच्या नव्हत्या. त्या कलेवर लिहिणाऱ्या होत्या.

"'या प्रयोगाचा कळस म्हणजे खिडकीमागचा कारकून,'" डॉक्टर वाचत होते. "'ही भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ नटाला तोड नाही. चष्म्याची दोरी, स्पंजावर बोट फिरवण्याची लकब आणि अर्ज परत करताना चेहऱ्यावर येणारा तो खोटा खेद. एका अख्ख्या निरर्थक आयुष्याची इतकी बारीक टिंगल आम्ही पाहिली नव्हती. प्रेक्षक हसत हसत आत जातो आणि रडत बाहेर येतो.'"

"कुठला नट?" शेरेसाहेबांनी विचारले.

डॉक्टरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. सल्ला द्यावा असे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटले नाही.

शेरेसाहेब आत गेले, चष्म्याची दोरी काढून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. त्यांना फार लागले होते. टिंगल केल्याचे नव्हे. टिंगल झाली असती तर त्यांनी एक खरमरीत पत्र लिहिले असते. लागले ते 'निरर्थक' हा शब्द आणि त्याहून तो 'खोटा खेद'. एकतीस वर्षांत परत केलेल्या प्रत्येक अर्जाचे त्यांना वाईट वाटत आले होते. आपला चेहरा इतकी वर्षे खोटा दिसत होता आणि कोणी सांगितले नाही, हे त्यांना सहन होईना.

"तिला सांग, मी येणार नाही," ते बायकोला म्हणाले.

"मी नाही सांगत," बायको म्हणाली. "आठ महिने झाले. मी काय पोस्ट आहे? तुमचे निरोप तुम्ही पोचवा, तिचे ती पोचवेल. मी आजपासून निवृत्त."

दुपारी दीड वाजता मुलगी घरी आली. तिकडे सभागृहात तुफान गर्दी होती, पण सगळे नट पाहायला आलेले. खिडकी रिकामी दिसल्यावर लोक तिचाच फोटो काढून परत जात होते. अर्ज कोणी भरत नव्हते, सही कोणी करत नव्हते. टेबलटेनिस मंडळाचे अध्यक्ष बॅट घेऊन येऊन बसले होते आणि जागेचे माप घेत होते. मुलीने सवयीने आईकडे पाहिले. आई खिडकीबाहेर बघत होती.

"बाबा," मुलगी म्हणाली. आठ महिन्यांतला हा पहिला थेट शब्द होता आणि तो दोघांनाही जरा मोठा वाटला.

"मी नाटक करत नव्हतो," शेरेसाहेब म्हणाले.

"माहितीये मला. तुम्हाला नाटक येतच नाही. शाळेच्या कार्यक्रमात पालकांना झाडं केलं होतं, तेव्हा तुम्ही स्टेजवरून मुख्याध्यापकांना विचारलं होतंत, कुठलं झाड."

"ते स्पष्ट असायला हवं होतं."

"बाबा, सुट्टीत आई मला तुमच्या ऑफिसात सोडून जायची. मी टेबलाखाली बसायचे. तुम्ही अर्ज परत करायचात आणि मग वाकून हळूच सांगायचात, काय लिहायचं ते. लोक यायचे नळ मागायला आणि घरातलं सगळं सांगून जायचे. कोणाची सून, कोणाचं आजारपण. रांग ओरडायची, पण तुम्ही ऐकायचात." ती खुर्चीच्या पाठीवरचा सुटलेला धागा गुंडाळत होती. "मला तशीच जागा करायची होती. मला खिडकी जमली नाही, म्हणून भिंत केली. तुम्ही खिडकी आणलीत तेव्हा राग आला, कारण मला नेमकं तेच सुचलं नव्हतं."

शेरेसाहेबांनी चष्मा पुसला. मग त्यांनी दोरी गळ्यात अडकवली.

"पाचव्या रकान्याला जागा कमी पडतेय," ते उठत म्हणाले. "एक ओळ वाढवायला हवी होती."

साडेतीनला खिडकी उघडली. नट आला अशी कुजबुज झाली, दोनचारजणांनी टाळ्याही वाजवल्या. शेरेसाहेबांनी टाळ्या वाजवणाऱ्यांचे अर्ज सर्वांत काटेकोरपणे तपासले. लोक हसत रांगेत लागले, बाकावर बसल्यावर हसू ओसरले, आणि एकेकजण आत जाऊन आला. पावणेसहाला रांग संपली. शेरेसाहेबांनी वही मोजली. एकशे नव्व्याण्णव. त्यांनी पुन्हा मोजली. आकडा तोच.

सभागृह सहाला बंद होत असे. व्यवस्थापक घड्याळाकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघत होते. मुलीची सही चालत नव्हती, ती कलावंत. आईची एक मोजून झाली होती. डॉक्टर दोनदा येऊन गेले होते. टेबलटेनिसच्या अध्यक्षांना विचारले, तेव्हा ते बॅट छातीशी धरून म्हणाले, "मला बोलायचं खूप आहे हो, पण आज नको."

"तुमची?" व्यवस्थापक शेरेसाहेबांना म्हणाले. "तुम्ही आत गेलाच नाहीत."

हे खरे होते. सात दिवस ते त्या पडद्याबाहेर बसले होते आणि भिंत त्यांनी पाहिली नव्हती. त्यांच्या हे लक्षातही आले नव्हते. आणि आता लक्षात आले तेव्हा दुसरीही एक गोष्ट आली. एक सही केली नाही, नुसती दहा मिनिटे घड्याळाकडे बघत बसले, तर उद्यापासून मुलगी बँकेत. कायमची नोकरी, टेबल, टेबलाला कुलूप. चूक कोणाचीच नाही, नियमच तसा.

"स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही," शेरेसाहेब म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. ते टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. मुलगी त्यांच्या खुर्चीत बसली.

खिडकीच्या या बाजूला ते जन्मात उभे राहिले नव्हते. इथून भोक फारच खाली होते, वाकावे लागत होते. ही गोष्ट एकतीस वर्षांत कळायला हवी होती, असे त्यांना वाटले. त्यांनी अर्ज भरून सरकवला. मुलीने तो वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला आणि परत सरकवला.

"पाचवा रिकामा आहे."

"मला माहीत आहे."

"रिकामा रकाना चालत नाही." मग ती वाकली आणि हळूच म्हणाली, "जे खरं असेल ते लिहा. एक शब्द पुरतो."

त्यांनी लिहिले, 'मुलीशी'. शिक्का बसला. सहाला सात मिनिटे होती.

आत खरोखरच काळोख होता. शेरेसाहेब घसा खाकरले आणि समोर एक ठिपका उजळला. ते दचकले. मग त्यांनी ज्या एका पद्धतीने बोलायला येत होते त्याच पद्धतीने सुरुवात केली.

"विषय, राजीनामा," ते म्हणाले. ठिपका थोडा पसरला. "त्या दिवशी तू पत्र टेबलावर ठेवून गेलीस. मी लाल पेन घेऊन बसलो. चार वेळा वाचलं. एकही चूक सापडली नाही."

उजेड हातभर झाला.

"त्याचाच मला राग आला. चूक असती तर तुला हाक मारली असती. बस, हे दुरुस्त कर, म्हटलं असतं. त्या निमित्ताने बोलणं झालं असतं. चूकच नाही, तर बोलायचं काय? मला दुसरं बोलायला येत नाही." ते थांबले. उजेड विझू लागला तसे घाईने पुढे म्हणाले, "पत्र चांगलं होतं. मला भीती वाटत होती, तुझी. म्हणजे तुझ्यासाठी. अजून वाटते. पण पत्र चांगलं होतं, हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळली होती. त्या उजेडात त्यांना स्वतःचे हात दिसले, बोटाला शिक्क्याची शाई लागलेली. हे सगळे आपल्या मुलीने केले आहे आणि ते सुंदर आहे, असे त्यांच्या मनात आले, आणि मग ते तेही मोठ्याने म्हणाले.

बाहेर पडदा हलला तेव्हा सगळे आपापल्या जागी फार गप्प बसलेले होते. पडदा काही जाड नव्हता. शेरेसाहेबांनी वहीत सही केली, दोनशे. व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिले, फॉर्म काढला आणि कोणी न सांगता शून्य खोडून त्या चौकोनात एक लिहिले. टेबलटेनिसच्या अध्यक्षांनी उद्याचे टोकन मागितले.

बाकावर बसलेली आई दोघांकडे बघत होती. निवृत्ती घेतली असली तरी एखादा निरोप असेल तर पोचवायची तिची तयारी होती. पण तिच्याकडे कोणी आले नाही. मुलगी टेबलामागून उठून सरळ वडिलांपाशी गेली आणि तिने त्यांचा अर्ज त्यांच्या हातात दिला. शेरेसाहेबांनी सवयीने तो वरपासून खालपर्यंत तपासला.

"शेरा राहिलाय," ते म्हणाले.

"लिहीत नाही," मुलगी म्हणाली. "चला, घरी जाताना सांगते."

शेरेसाहेबांचा हात खिशातल्या लाल पेनापर्यंत गेला. मग त्यांनी अर्जाची चार पदरी घडी घातली, तो शेऱ्याशिवायच खिशात ठेवला आणि ते मुलीबरोबर चालू लागले.